खाचेत बसलेली गोळी

आबा, म्हणजे माझे सासरे, रक्तदाबाची गोळी खाताहेत यावर माझा विश्वास नव्हताच. चादर बदलताना उशीखाली पाकीट सापडलं. एकही गोळी फोडलेली नव्हती. "गोळ्या चुकवल्या तर जिवावर बेतेल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझं डोकंच फिरलं. पाकीट त्यांच्यापुढे आपटलं.

"गोळी पोटात जाऊन काय करती, कुणी बगितलंय?" उलट त्यांनीच मला विचारलं.

घ्या! चाकणच्या औषध कंपनीत मी दिवसभर दुसरं काय बघते? लॅपटॉप आणला, त्यांच्याच गोळीचं चित्र उघडलं. शरीरातल्या प्रथिनाची रंगीत गुंडाळी, तिच्यात एक खाच, आणि खाचेत चपखल बसलेला औषधाचा रेणू. माऊसने फिरवून फिरवून दाखवलं.

आबांनी चष्मा पुसला. "फोटू कुठं काडला?"

"फोटो नाही हो. सॉफ्टवेअरने हिशोब करून काढलंय."

"असं व्हय! आपलं निघोज्याचं रान घेताना बिल्डरनंबी संगणकावरच दावलं व्हतं. झाडं, कारंजं, खेळणारी पोरं. आता जाऊन बग. नुसतं पत्र्याचं कंपाउंड हाय."

खरं तर ऑफिसात मीही या चित्रांकडे संशयानेच बघते. स्क्रीनवर झकास बसलेले कितीतरी रेणू प्रयोगशाळेत सपशेल तोंडावर पडतात. आबांना तेही सांगून टाकलं. म्हटलं, तुमच्या गोळीवर माझा भरवसा आहे तो चित्रामुळे नाही. ती माणसांना देऊन, त्यांचा दाब पुन्हा पुन्हा मोजून बघितलाय म्हणून आहे.

"मोजून? मग आण ते मशीन. पण आधी तुला लाव. मशीन तरी खरं बोलतंय का, बगू."

मी हसत दंडाला पट्टा बांधला. आकडा दवाखान्यात आलेल्या आबांच्या आकड्याच्याही वर गेला. थोडं थांबून परत लावला. परत वरच. आता मात्र मला भीती वाटली.

"मशीन बिघडलंय," मी म्हणाले. "शिवाय आत्ताच तुमच्याशी भांडलेय."

आबांनी मशीन उचलून आकडा माझ्यासमोर धरला.

"मला काही होत नाहीये, आबा!" मी चिडले.

"मला तरी कुठं काय व्हत व्हतं?"

एवढं बोलून त्यांनी पाकीट फोडलं, गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायले, आणि दवाखान्यात निघायला दारातली माझी चप्पल स्वतःच्या हाताने माझ्यापुढे सरकवली.