एक्केचाळीस नंबरचा रिपोर्ट

मिल्टनमधल्या आमच्या ग्रुपमध्ये सगळे आयटीवाले. पॉटलकच्या जेवणाला प्रत्येकाचे ऑफिसचे किस्से रंगतात. माझ्याकडेही ढीगभर साठलेत, पण मी तोंड उघडलं की बायको डोळे वटारते. मी टोरोंटोजवळच्या एका संशोधन संस्थेत माकडं सांभाळतो आणि माझे बहुतेक किस्से जुलाबापासून सुरू होतात.

*

२०१६च्या विंटरमध्ये माकडांना शिगेला झाला, म्हणजे रक्ताचे जुलाब. अँटिबायोटिक केळ्यात घालून द्यायचो. एक्केचाळीस नंबरची म्हातारी माकडीण केळं खायची आणि गोळी चाटूनपुसून माझ्या हातावर परत ठेवायची. शेवटी माझ्याबरोबर काम करणाऱ्या, मूळच्या वसईच्या सँड्राताईंनी घरून पेरूची जेली आणली. बयेनं गोळीसकट फस्त केली! फॉर्मवर 'औषध कशातून दिले' या रकान्यात मी लिहिलं, सँड्राची जेली.

*

हा जंतू माणसांकडूनही माकडांना जातो. म्हणून आम्हा सगळ्यांचे शौचाचे नमुने मागवले. आमचा सुपरवायझर डग माझं हात धुणं घड्याळ लावून मोजायचा. भारतातून आलेला म्हणून संशय माझ्यावरच. रिपोर्ट आले. पॉझिटिव्ह एकटा डग!

*

मग दरवर्षीची टीबीची टेस्ट. हातावर टोचतात, सुजलं तर संशय. आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली, त्यामुळे माझा हात टम्म सुजला. डगनं मला उभ्या उभ्या घरी पाठवलं. एक्सरेत फुप्फुसं स्वच्छ निघाली आणि चौथ्या दिवशी मी कामावर हजर.

*

माकडांना तीच टेस्ट पापणीत टोचतात. बघायला गेलो की एक्केचाळीस नंबर आपण होऊन जाळीला गाल लावायची. त्या वर्षी तिची पापणी सुजली होती. मी दोनदा पाहिलं आणि पॉझिटिव्ह लिहिलं. लिहिणं माझंच काम होतं.

डगला म्हटलं, एक्सरे काढू या, माझा काढला तसा. तो वाईट माणूस नव्हे, त्याचेही डोळे भरले होते. पण लागण पसरली तर सगळीच जातील आणि नियमात माकडांसाठी एक्सरे नाही, म्हणाला. दुपारी तिला इंजेक्शन देऊन संपवलं. धरली होती मीच. इतकं हताश मला देश सोडतानाही वाटलं नव्हतं.

सँड्राताई तेव्हा भाचीच्या लग्नाला वसईला गेल्या होत्या. तीन आठवड्यांनी परत आल्या, त्याच सकाळी शवविच्छेदनाचा रिपोर्ट आला. माझ्या हातात कागद बघून त्यांनी विचारलं, कुणाचा?

"एक्केचाळीसचा. टीबी नव्हता. फुप्फुसं स्वच्छ."

त्यांनी क्रूसाची खूण केली.

"देवाची दया! पिंजरा रिकामा बघून घाबरलेच होते मी. हलवलंय कुठं तिला?"