तृप्तीचं वर्क परमिट

तृप्ती राजोळे माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. चिडली की पेन दाताखाली धरायची आणि दिवसभर बोलायची नाही. मार खाऊन आली असली तरी तसंच. त्यामुळे सुरुवातीला कित्येक दिवस मला वाटायचं, हिला कामाचाच राग येतो.

आमचं ऑफिस महात्मानगरला होतं. इंग्लंडमधल्या एका कंपनीचं विम्याचं आणि पेन्शनचं काम इथे नाशकात बसून करायचं. तिकडचा कुणी म्हातारा वारला की त्याच्या बायकोला किती पेन्शन लागू होते, कधीपासून, कुठल्या नियमाने, हे आम्ही बघायचो. इंग्लंडच्या घड्याळाप्रमाणे ऑफिस दुपारी सुरू व्हायचं. कंपनीची सुमो आम्हाला घरून उचलायची. मी पंचवटीतली, भिक्षुकाच्या घरातली. तृप्ती नाशिकरोडच्या पुढची, एकलहऱ्याच्या रस्त्यावरची. तिचे वडील तिथल्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कोळशाच्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, रिकामे करायचे. त्यांनी आयुष्यात मुलीला बोट लावलं नव्हतं, असं ती सांगायची. बी.कॉम. झाल्यावर शहाण्णव साली त्यांनीच तिचं लग्न मल्हारीशी लावून दिलं. मुलाचा स्वतःचा ट्रक आहे, आणखी काय हवं?

मल्हारी वीज केंद्रातली राख वीटभट्ट्यांवर पोचवायचा. राखेच्या फेऱ्या कुणाला मिळणार यावरून ट्रकवाल्यांत सतत हाणामाऱ्या होत. नव्याण्णव साली मल्हारीने एका ड्रायव्हरच्या तोंडावर टामी मारली. टामी म्हणजे चाकाचे नट काढायची लोखंडी दांडी. त्या माणसाचा जबडा तुटला, चार दात गेले. मल्हारीला शिक्षा झाली. तो आत असताना तृप्तीने एका विमा एजंटाकडे नोकरी धरली, घर चालवलं, सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. मल्हारी सुटून आला आणि पहिल्याच दिवशी त्याने तिला मारलं.

"मी नव्हतो तर बरं चाललं व्हतं ना तुमचं?" तो म्हणाला होता.

सासू म्हणजे चिमणाबाई. मूळची वणीकडची, नाशिकरोडच्या बाजारात भाजी विकायची. तिचा नवरा मरेपर्यंत तिला मारत होता. त्याच्या एका थपडेने तिचा डावा कान कायमचा गेला होता. सुनेला मार पडायला लागला की ती भाजीची पाटी उचलून बाहेर जायची. तिच्या उजव्या कानाला ऐकू येत होतं ना, म्हणून.

२००५ साली इंग्लंडहून डेरेक नावाचे साहेब आले. सहा फुटी, लाजाळू माणूस. त्यांना तिकडे पेन्शनच्या कामाला माणसं मिळत नव्हती. म्हणाले, इथल्या दोघांना कंपनी स्पॉन्सर करेल, म्हणजे तिकडे काम करायच्या परमिटसाठी अर्ज कंपनी करेल आणि त्या माणसाची हमी सरकारपुढे कंपनी घेईल. दोघांत तृप्तीचं नाव पहिलं होतं. त्या दिवशी ती टेबलावर डोकं ठेवून रडली. मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं.

मल्हारीला तर आनंदाचं भरतं आलं. बायकोबरोबर नवऱ्यालाही जाता येतं हे त्याला कळलं होतं. त्याने सगळ्या ट्रकवाल्यांना पेढे वाटले. इंग्लंडात लॉऱ्या कशा असतात, तिथे तो किती मोठी चालवणार, हे चहाच्या टपरीवर सांगत सुटला. दोन महिने त्याने तृप्तीच्या अंगाला हात लावला नाही.

मग व्हिसाचे अर्ज भरायची वेळ आली. त्याच्या अर्जात विचारलं होतं, तुम्हाला कधी कोर्टाने शिक्षा केली आहे का?

"नाय म्हणून लिही," मल्हारी म्हणाला.

"खोटं लिहिलं आणि सापडलं तर माझंही परमिट जाईल. कंपनीचंही नाव खराब होईल."

"कंपनी तुजी कोण लागते?"

"माझी हमी घेतलीये त्यांनी."

तिने खरं तेच लिहिलं. मल्हारीचा व्हिसा नाकारला गेला. तिचा आला. पासपोर्टवर शिक्का बसून आला त्या दिवसापासून त्या घरात रोज मारहाण सुरू झाली. पट्ट्याने, चपलेने, एकदा उकळता चहा पायावर ओतून. ट्रकवाले त्याला "लॉर्डसाहेब" म्हणून चिडवत होते, आणि तो घरी येऊन त्याची भरपाई करत होता.

मी तिला म्हटलं, "जायची तारीख येईपर्यंत माझ्याकडे येऊन राहा."

"आईंना टाकून कशी येऊ, मालिनीताई? मी नसले की तो त्यांच्यावर हात टाकतो." सासूला ती आईच म्हणायची.

"मग इंग्लंडला कशी जाणार आहेस?"

ती पेन चावत राहिली. मग म्हणाली, "आईच म्हणतात, तू जा. माजं मी बघते."

जायला आठवडाभर उरला होता. नेहमीप्रमाणे दुपारी सुमो तिच्या घरासमोर थांबली. आमचे ड्रायव्हर झुंबरभाऊ हॉर्न देणार, तेवढ्यात आतून किंकाळी आली. मी गाडीचं दार उघडून धावले. झुंबरभाऊ माझ्या मागे आले.

अंगणात मल्हारीने तृप्तीला केसांना धरून जमिनीवर पाडलं होतं. त्याचा एक पाय तिच्या पाठीवर होता. हातात टामी. तृप्तीने उजव्या मुठीत पासपोर्ट गच्च धरला होता आणि तो तिला म्हणत होता, "सोड. सोड तो. चुलीत घालतो." ती सोडत नव्हती. त्याने टामी तिच्या मनगटावर मारली. हाड मोडल्याचा आवाज मी अंगणाच्या दारातून ऐकला. तरी तिची मूठ उघडली नाही. त्याने पुन्हा मारली. पासपोर्ट रक्ताने भिजला.

झुंबरभाऊ पुढे गेले तर मल्हारीने टामी फिरवली. ती त्यांच्या खांद्याला लागली आणि ते भिंतीवर आदळून खाली बसले. मी ओरडत होते. शेजारपाजारचे लोक कुंपणाशी उभे होते. कुणी आत येत नव्हतं. मल्हारीने टामी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलली. आता तो तिच्या हाताकडे बघत नव्हता, डोक्याकडे बघत होता.

चिमणाबाई मागच्या बाजूने आली. तिच्या हातात पहार होती, खड्डे खणायची. त्या बाईने ती कशी उचलली असेल मला माहीत नाही, ती माझ्या खांद्याएवढीही नव्हती. तिने पहार आडवी फिरवली आणि मल्हारीच्या गुडघ्यावर हाणली. पाय नको त्या बाजूला वाकला. तो खाली पडला, किंचाळला, "आये!" चिमणाबाईने पुन्हा मारलं, त्याच गुडघ्यावर. मग तिसऱ्यांदा. टामी त्याच्या हातातून केव्हाच सुटली होती.

"बास करा! मरेल तो!" मी म्हटलं.

ती थांबली, ती मी सांगितलं म्हणून नव्हे. तिच्या हातातली ताकद संपली. पहार टाकून ती तिथेच मातीत बसली आणि तृप्तीचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

"त्याच्या बापाला मारायचं व्हतं," ती म्हणाली. "लय उशीर केला मी."

पोलीस आले तेव्हाही ती तशीच बसलेली होती. कुणी मारलं, असं विचारल्यावर तिने हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा. मल्हारीने दवाखान्यातून आईविरुद्ध फिर्याद दिली. जिवे मारायचा प्रयत्न केला म्हणून चिमणाबाईला अटक झाली. तृप्तीच्या हातात सळई घातली. तिची उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नंतर कधीच मिटलं नाही.

मल्हारीचे ट्रकवाले दोस्त गप्प बसणारे नव्हते. पुढच्याच आठवड्यात सिन्नर फाट्याजवळ त्यांनी आमच्या सुमोला ट्रक आडवा घातला आणि दगडांचा मारा केला. काचेचा तुकडा माझ्या भुवईत घुसला, त्याची खूण अजून आहे. एक जण खिडकीत तोंड घालून म्हणाला, "बाई, तुम्ही काय पायलं? काय नाय पायलं. समजलं?" माझ्या डोळ्यांत रक्त उतरत होतं. मी म्हटलं, "आत्ता तर तुझंही तोंड पाहिलं." त्याने माझ्या कानाखाली मारली आणि ते निघून गेले. घरचे म्हणाले, साक्ष देऊ नकोस. माझे वडील, ज्यांनी उभ्या जन्मात रामकुंडाच्या पलीकडची भानगड ओढवून घेतली नव्हती, तेच म्हणाले, "दे."

डेरेक साहेबांचा फोन आला. परमिट अजून चालू आहे, हात बरा झाला की ये, नवा पासपोर्ट काढ, आम्ही थांबतो. तृप्तीने विचारलं, किती थांबाल? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, काही महिने. चिमणाबाईला जामीन मिळायला हवा होता आणि तिला जामीन राहायला नात्यातलं कुणी तयार नव्हतं. ज्या सुनेच्या नवऱ्याला तिने अधू केलं, तीच सून प्लॅस्टरमधला हात घेऊन कोर्टात उभी राहिली. वकील म्हणाले, "जामीन राहिलीस आणि खटला संपायच्या आत परदेशी गेलीस तर म्हातारीची पंचाईत होईल. आणि तुझ्याच साक्षीवर सगळं आहे."

"मग नाही जात," तृप्ती म्हणाली.

निवडलेल्या दोघांतलं दुसरं नाव गौरांगचं होतं. तो एकटाच गेला. तृप्तीचं परमिट संपलं. ती डाव्या हाताने टाइप करायला शिकली, हळू, चुका करत. सासू-सुना जेल रोडला एका खोलीत राहायला लागल्या. दोनदा रात्री त्यांच्या दारावर दगड पडले. चिमणाबाई त्यातले बरेसे निवडून चूल मांडायला वापरायची.

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. मल्हारी कुबडीवर आला. माझी साक्ष झाली, झुंबरभाऊंची झाली. तृप्तीला समोरचा वकील म्हणाला, परदेशात मौज करायची म्हणून तुम्हीच सासूला भरीस घातलं. तिने फक्त आपला वाकडा हात कठड्यावर ठेवला आणि म्हणाली, "हा हात मोडला तेव्हा आई घरात नव्हत्या. डोकं फुटायची वेळ आली तेव्हा आल्या." चिमणाबाईला विचारलं तर ती म्हणाली, "मारलं. माजा हाय म्हनून गुडघ्यावर मारलं. दुसऱ्याचा असता तर डोक्यात घातली असती." तिचा वकील कपाळाला हात लावून बसला. पण न्यायाधीशांनी मान्य केलं की तिने दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी मारलं होतं. ती सुटली.

डेरेक साहेबांनी पुन्हा अर्ज केला. मला वाटलं नव्हतं ते करतील. एवढ्या दिवसांत नियम कडक झाले होते, पहिला अर्ज परत आला, दुसरा मंजूर झाला. २००८च्या उन्हाळ्यात तृप्ती लीड्सला गेली. चिमणाबाईला नेता आलं नाही, सासूसाठी तसा व्हिसाच नव्हता. फोनवर तिने एकदा तृप्तीला विचारलं, "तिकडं नवरे मारत्यात का गं?"

"मारतात, आई."

"मंग तिथं कोण धावतं?"

तृप्ती म्हणाली, पोलिसांना फोन करतात. चिमणाबाईला ते काही पटलं नाही.

पुढच्या वर्षी तृप्ती सुट्टीवर आली. मी तिला विमानतळावरून घेऊन जेल रोडला आले. दारात मल्हारी बसला होता. ट्रक विकला गेला होता, दोस्त पांगले होते, आणि सहा महिन्यांपूर्वी तो आईकडे येऊन राहिला होता. चिमणाबाईने हे सुनेला फोनवर सांगितलं नव्हतं. तृप्तीला बघून तो कुबडीवर उठला.

"आली का मडम," तो म्हणाला, आणि कुबडी उगारली.

तृप्तीने ती डाव्या हाताने वरच्या वर पकडली आणि ओढली. तो तोल जाऊन तोंडावर पडला. ती कुबडी हातात धरून त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिचा चेहरा मला ओळखू येईना. तिने कुबडी उचलली, खांद्याच्या वर. मल्हारीने डोकं हातांखाली झाकून घेतलं.

आतून चिमणाबाई आली. तिने दोघांकडे पाहिलं.

"मारायचं तर मार," ती म्हणाली. "नायतर उचल त्याला. माज्यानं आता उचलवत नाय."

 तृप्तीने कुबडी भिंतीला टेकवली. आम्ही तिघींनी मिळून त्याला खाटेवर बसवलं. त्याच्या ओठातून रक्त येत होतं, ते चिमणाबाईने पदराने पुसलं. चुलीवर पिठलं होतं. तृप्तीने हात धुतले आणि भाकरी थापायला बसली, एका हाताने जमेल तशी.