बाळंतपणाच्या दाराशी

"हात लावाचा नाई तिले!" असं म्हणून तो बाकावर मूठ आपटायचा. आमच्या ग्रामीण रुग्णालयात गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशी ही मूठ आधी ऐकू यायची, मग तो दिसायचा. वडनेरकडचा ऑटोवाला. मागे त्याची किडकिडीत, मुकीच वाटावी अशी बायको.

मी तिथे समुपदेशक होते. आमच्या घरातली पहिली पदवीधर. त्या नोकरीचं मला इतकं अप्रूप, की दवाखान्याला कोणी नावं ठेवली तर मलाच झोंबायचं.

एकदा शिपायाने रांग लावताना बायकोचं मनगट ओढलं. याने कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळलं. रक्तदाब मोजायला सिस्टरनी पट्टा बांधला, तर ओरडला, "काऊन आवळून राह्यले? हात हाय तो, कापसाचा गठ्ठा नाई!"

"मंग तूच बस, भाऊ. तुयाच जास्त निघन," सिस्टर म्हणाल्या.

बसला. खरंच जास्त निघाला. तोही हसला.

त्याच दिवशी त्याने सांगितलं. पहिल्या खेपेला, दुसऱ्या एका दवाखान्यात दोन नर्सनी तिचे पाय दाबून धरले, मांड्यांवर चापटा मारल्या. "तवा गोड लागलं, आता काऊन बोंबलून राह्यली?" असं म्हणाल्या. हा बंद दाराबाहेर ऐकत उभा होता. लेकरू गेलं.

"म्या दार तोडलं नाई, मॅडम."

अशा माणसांना आपण सहज भांडखोर म्हणून मोकळे होतो.

कळा लागल्या तेव्हा भर दुपारी तो तिला घेऊन आला. आमच्याकडेही नवऱ्याला आत सोडायची रीत नव्हती. किंकाळी आली आणि त्याने दाराच्या काचेत मूठ घातली. रक्ताळल्या हाताने कडी काढून आत घुसला.

आत त्याच सिस्टरचं मनगट बायकोच्या दातांत होतं. रक्त आलं होतं. दुसऱ्या हाताने सिस्टर तिचं कपाळ पुसत होत्या. "चाव वो माय, पण जोर लाव!" मग त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "आलाच हायेस तं उशाशी उभा राय."

मुलगी झाली. काच फोडल्याबद्दल सिस्टरनी त्याच्याविरुद्ध कोणाला तक्रार करू दिली नाही.

काचेने त्याच्या हाताच्या शिरा तुटल्या होत्या. दोन बोटं पुन्हा वाकलीच नाहीत. ऑटो चालवणं सुटलं. तो आर्वीला कापसाच्या जिनिंगवर पहारेकरी म्हणून गेला.

लसीकरणाला बायको लेकीला घेऊन एकटीच आली. सुई पुढे येताच तिने लेकीवर पदर ओढला. तिला बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"आधी मले सांगा, काय टोचून राह्यले ते."

सिस्टर थांबल्या. सगळं नीट सांगितलं. मग तिने स्वतःच लेकीची मांडी उघडी केली.