सालीतली रेघ

थोरल्या सुनेच्या हाताला एक खोड होती आणि घरात सगळे तिला गुण म्हणत. सफरचंद दिसलं की ती सोलायची. कारण सासूबाईंची कवळी. सालीचा तुकडा कवळीखाली अडकला की त्या दिवसभर घर डोक्यावर घेत. त्यामुळे लग्न झाल्यापासून थोरलीच्या हातून सालीची फोड कुणाच्या बशीत पडली नव्हती.

नोकरी तिची प्रयोगशाळेत. कुठल्या फळातल्या कुठल्या प्रथिनानं माणसाला ॲलर्जी होते, हे हुडकायचं काम. फळ वाटायचं, गाळायचं, त्यातली प्रथिनं विजेच्या जोरावर जेलीच्या थरातून पळवायची. लहान पुढे, मोठी मागे. मग ती पांढऱ्या पट्टीवर उतरवायची आणि रुग्णाच्या रक्तातलं पिवळसर पाणी त्या पट्टीवर सोडायचं. रक्ताचं ज्या प्रथिनाशी वैर, तिथे काळी रेघ उमटते. वाट बघणं फार, बोलणं कमी. तिला ते मानवायचं.

बोलणं घरी होतंच. धाकटी जाऊ घरी सफरचंद मजेत खायची आणि नणंदेकडे खाल्लं की तिचे ओठ सुजायचे.

"माझ्या लेकीच्या घरचंच बरं बाधतं हिला!" सासूबाई म्हणायच्या. "इथे वाटीभर खाते की. तिकडे जायला नको, म्हणून नाटकं सगळी."

मागच्या खेपेला तिचा घसाच आवळला, इंजेक्शन द्यावं लागलं. तरी नवऱ्याचं आपलं एकच, "तू टेन्शन फार घेतेस." त्या दिवशी भांडी विसळता विसळता धाकटी म्हणाली, "ताई, आता मलाच वाटायला लागलंय, मी मुद्दाम करते की काय हे."

थोरलीला संताप आला. तिनं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमची परवानगी काढली, धाकटीचं रक्त रीतसर घेतलं, सफरचंद वाटलं, पट्टी तयार केली. आणि पट्टी कोरी.

"काही नाही गं," मॅडम म्हणाल्या. "सफरचंद नसेल ते. तसं कळवून टाक."

कळवून टाक म्हणे! म्हणजे सून खोटारडी आहे, असा पुरावाच सासूबाईंच्या हातात द्यायचा. जेवणाच्या सुट्टीत थोरली डबा उघडून बसली. समोर मॅडमनी पर्समधून सफरचंद काढलं, रुमालाला पुसलं आणि कचकन चावा घेतला. सालीसकट.

थोरली बघतच राहिली.

"अशी काय बघतेस? धुतलंय मी."

"मॅडम, मी सोललं होतं."

"काय सोललं होतंस?"

"नमुन्याचं सफरचंद. सोलून वाटलं मी. घरी सासूबाईंसाठी सोलते तसं."

मॅडमचा घास तोंडातच राहिला. "अगं बाई, इथे काम करतेस की सासूची सेवा?"

नणंदेकडे कोण सोलतंय! तिथे चार फोडी करून बशी पुढे सरकवली की झालं. थोरलीनं या वेळी साल वेगळी वाटली, गर वेगळा. कुणी शंका काढायला नको, म्हणून स्वतःच्या रक्ताचीही पट्टी शेजारी ठेवली. तिची कोरी. धाकटीची गराच्या बाजूला कोरी, आणि सालीच्या बाजूला अगदी तळाशी, लहानात लहान प्रथिनं जिथे पोचतात तिथे, काळीकुट्ट रेघ.

"शिजवूनही दबत नाही हे," मॅडम म्हणाल्या. "डॉक्टर तपासून सांगेपर्यंत तिला जॅम नको, रस नको. सोललेलंसुद्धा नको. गरात थोडं असलं तरी आपल्या पट्टीला दिसेलच असं नाही."

घरी थोरलीनं पट्टीचा फोटो सासूबाईंपुढे धरला. त्यांनी चष्मा चढवला.

"ही एवढीशी?"

"एवढीशीच, आई. हिनंच घसा आवळला तिचा."

धाकटीनं फोटो जवळ ओढून ती रेघ बघितली. मग म्हणाली, "म्हणजे ताई, इतके दिवस मला आईंच्या कवळीनं वाचवलं."

थोरलीला हसू आवरेना. सासूबाई हसल्या नाहीत. माफीबिफी मागण्यातल्या त्या नव्हेतच. उठल्या, फोनपाशी गेल्या, लेकीला म्हणाल्या, "रविवारी येतोय आम्ही सगळे. त्याआधी सफरचंदं घरातून हलव. जॅमची बाटलीसुद्धा. नाही गं, माझी कवळी ठीक आहे. धाकटीला चालत नाहीत. काय? नाटकं? कोण म्हणालं नाटकं?"