गळती तक्रारी – जुन्या

पाणीपुरवठा कार्यालयात त्यांना तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'टाचणीबाई'. हे दुसरं नाव त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं आणि मनातून आवडलंही होतं, पण तसं त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. नव्या नळजोडणीचा अर्ज असो की मीटर बदलायचा, बाईंच्या हाताखालून गेला की कागद कडेला कड जुळवून, डाव्या कोपऱ्यात तिरपी टाचणी मारूनच पुढे जायचा. टाचणी आडवी मारणाऱ्या माणसांबद्दल बाईंचं मत फारसं बरं नव्हतं.

त्यांचा संगणकही तसाच लख्ख. दोन वर्षांपूर्वी नमुना म्हणून एकच नवा आला होता, तो बाईंच्या टेबलावर बसला आणि मग काय विचारता. प्रत्येक अर्जाचा नमुना आपापल्या जागी, वर्षाप्रमाणे, महिन्याप्रमाणे. बाकीच्यांच्या जुन्या यंत्रांवर एक पत्र शोधायला अर्धा तास लागायचा. बाई न बघता काढून द्यायच्या, आणि देताना असं बघायच्या की मागणाऱ्याला पुढच्या वेळी मागायची लाज वाटावी.

आता एक गोष्ट कार्यालयात कुणालाच ठाऊक नव्हती. बाईंना राग फार येई. असा तसा नाही, तळपायाची आग मस्तकात जाणारा. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा, शांत माणूस, त्याने लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "अगं, राग आला की लिहून काढ. फक्त पाठवू नकोस." बाईंनी तो सल्ला अक्षरशः पाळला. ज्याचा राग आला त्याला पत्र. विषय, संदर्भ, मुद्दे, सगळं कार्यालयीन शिस्तीत. या कार्यालयातल्या अकरा वर्षांत बेचाळीस पत्रं झाली होती आणि संगणक बदलला तशी तीही जुन्यावरून नव्यावर आली होती. ठेवायची कुठे, हा प्रश्न बाईंनी फार हुशारीने सोडवला होता. फोल्डरला नाव दिलं होतं 'गळती तक्रारी – जुन्या'. या कार्यालयात गळतीची नवी तक्रारसुद्धा कुणी उघडत नसे, जुनी कोण उघडणार?

पत्रं सगळ्यांना होती. जाऊबाईंना तीन, तिन्ही एकाच कुकरबद्दल, जो त्यांनी दोन दिवसांसाठी म्हणून नेला त्याला चार वर्षं झाली होती. नवऱ्याला नऊ. टपालवाल्याला दोन, कारण तो शेजारच्या टेबलावर लखोट्यांवर शिक्के असे हाणायचा की बाईंचा चहा बशीत उतरायचा. आणि एकोणीस नंबरचं पत्र साहेबांना, सात मुद्द्यांचं. ते बाईंनी एका बैठकीत लिहिलं होतं आणि लिहून झाल्यावर त्यांना चार दिवस फार हलकं वाटलं होतं.

तर अशा या कार्यालयात एका शुक्रवारी सात नवे संगणक आले, बाईंच्या संगणकाच्याच जातीचे. ते बसवायला एक पोटसुटे गृहस्थ आले. त्यांनी सातही खोकी पाहिली आणि कपाळ पुसलं.

"एकेकात सगळं भरत बसलो तर आठवडा जाईल," ते म्हणाले. "त्यापेक्षा एक चांगला लागलेला संगणक दाखवा. त्याच्या डिस्कची हुबेहूब नक्कल करतो आणि सातांत घालतो. संध्याकाळी सगळे सारखे."

साहेब दारात उभे होते. साहेब म्हणजे कमी बोलणारे, त्यातही चांगलं तर बोलतच नसत. ते म्हणाले, "बाईंचा घ्या."

दोनच शब्द, पण बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याला कारणही होतं. मुख्य लिपिकाची खुर्ची महिनाभर रिकामी होती. साहेबांनी शिफारस करायची होती, सोमवार ही शेवटची तारीख होती, आणि नोकरीची दोनच वर्षं उरलेल्या बाईंना ती खुर्ची हवी होती. इतकी हवी होती की त्या तिच्याकडे बघतही नसत.

गृहस्थांनी बाईंचा संगणक उघडता उघडता विचारलं, "काही खासगी असेल तर आधी काढून घ्या हं. नक्कल म्हणजे नक्कल. टेबलावर टाचणी पडलेली असेल तर तीपण जाते."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाई ताठ झाल्या. साहेब ऐकत होते, अख्खं कार्यालय ऐकत होतं.

"खासगी?" बाई म्हणाल्या. "ऑफिसच्या संगणकावर? माझ्या?"

गृहस्थांनी मान डोलावली आणि तार जोडली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी बाई खोटं बोलत नव्हत्या. ती पत्रं त्यांना खासगी वाटतच नव्हती, एवढी ती नीट लावलेली होती. पहिला संगणक साहेबांच्या खोलीत गेला, मग एकेक बाहेर. सव्वापाच वाजता नकलनवीस, म्हणजे नकाशांच्या आणि हुकुमांच्या प्रती काढणारे बुजुर्ग गृहस्थ, कौतुकाने ओरडले, "बाई, या, बघा तरी. तुमच्या गॅलरीतली कुंडी माझ्याकडे आली."

बाई गेल्या. पडद्यावर त्यांनीच लावलेला कुंडीचा फोटो, त्यांचेच नमुने, आपापल्या जागी. बाई हसल्या. मग त्यांची नजर डाव्या कोपऱ्यात, खाली, एका पिवळ्या फोल्डरवर गेली आणि त्यांनी त्याचं नाव दोनदा वाचलं: 'गळती तक्रारी – जुन्या'.

आता करायचं काय? संगणकवाल्या गृहस्थांना सांगावं तर सकाळी सगळ्यांदेखत केलेलं ते नाटक आडवं येत होतं. नकलनवीस खुर्चीतून उठायला तयार नव्हते, नवा संगणक ना. साडेपाचला शिपायाने दिवे मालवले आणि दोन दिवसांसाठी कुलूप लावलं.

शनिवारी बाईंनी घरात तीन कपाटं आवरली, त्यातलं एक आदल्या रविवारीच आवरलेलं होतं. रात्रीपर्यंत थांबवेना, तेव्हा दुपारीच नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो जुन्या वहीत पेन्सिलीने मांजर काढत होता.

"माझ्यावरपण आहेत का पत्रं?" त्याने विचारलं.

"नऊ."

"नऊच?" त्याला जरा वाईट वाटलेलं दिसलं. मग म्हणाला, "अगं, सोमवारी लवकर जा आणि पुसून टाक. सातच तर आहेत."

"आणि साहेबांनी आधीच वाचलं असेल तर?"

यावर नवऱ्याने मांजराला मिशा काढल्या. बाईंना दहावं पत्र लिहावंसं वाटलं, पण लिहायचीच आता धास्ती बसली होती.

सोमवारी शिपायाच्या आधी बाई दारात हजर. नशीब एवढंच की डिस्कबरोबर पासवर्डचीही नक्कल झाली होती, त्यामुळे त्यांचाच पासवर्ड सगळीकडे चालत होता. खिडक्यांवरच्या चौघांचे संगणक त्यांनी पंधरा मिनिटांत साफ केले: फोल्डर उघडायचा, बेचाळीस पत्रं मोजायची, फोल्डर पुसायचा, कचरापेटीही रिकामी करायची. मोजल्याशिवाय पुसणं बाईंना जमलं नसतं. मग नकलनवीसांचा. मग टपालवाल्याचा फोल्डर उघडला, इतक्यात मागून आवाज आला.

"बाई, तो कुकर मिळाला का हो परत?"

टपालवाला हातात डबा घेऊन उभा होता.

"तुम्ही वाचलंत?"

"आता गळती तक्रारी म्हटल्यावर," तो ओशाळून म्हणाला. "मला वाटलं, जुनी कामं आपल्याकडून राहून गेलीत. नवा संगणक मिळाला, आता उघडून निकाली काढू." अकरा वर्षांत पहिल्यांदा या कार्यालयात कुणाला तरी गळतीच्या तक्रारीची काळजी वाटली होती, आणि तीही नेमकी आत्ता.

बाईंनी खाली पाहिलं. टपालवाल्याच्या शिक्क्याखाली चौपदरी टॉवेल घातलेला होता.

"कुणाला बोललात का?" बाईंनी विचारलं.

"छे, कुणाला नाही. फक्त नकलनवीसांना. ते म्हणाले, भाषा फार सुंदर आहे. एक प्रत काढून ठेवतो म्हणत होते, पण मीच नको म्हटलं." त्याने टॉवेलाकडे बोट केलं. "बाई, शिक्क्याचं एकदा बोलला असतात तरी चाललं असतं. मला खरंच ऐकू यायचं नाही, मीच हाणत असायचो ना."

बाईंनी त्याच्यासमोरच बेचाळीस पत्रं मोजली आणि पुसली. राहिला सातवा.

सोमवारी सकाळी साहेब मुख्य कार्यालयात आढावा बैठकीला जात आणि बाराशिवाय परतत नसत. साडेदहाला बाई एक फाइल छातीशी धरून त्यांच्या खोलीत शिरल्या आणि उभ्याउभ्याच संगणक चालू केला. त्या खोलीत बसायची सवयच नव्हती. कुंडी आली. पिवळा फोल्डर जागच्या जागी होता. बाईंनी तो उघडून मोजायला सुरुवात केली.

त्रेचाळीस.

पुन्हा मोजलं. त्रेचाळीसच. सात हुबेहूब संगणकांतला हा एकच हुबेहूब नव्हता. सगळ्यात खाली एक फाइल होती, तिच्यावर शुक्रवार संध्याकाळची वेळ, आणि नाव होतं 'उत्तर'. बाईंची पाचावर धारण बसली, तरी फाइल त्यांनी उघडलीच.

'विषय: आपले पत्र, न पाठविलेले. संदर्भ: गळती तक्रारी – जुन्या, क्रमांक १९. उत्तरास विलंब झाला, कारण पत्र आजच मिळाले.

मुद्दा १, घंटी तीनदा वाजवणे: मान्य. यापुढे एकदाच.

मुद्दा २, आपल्या मसुद्यातला शब्द बदलून आठवड्याने मूळचाच परत घालणे: मान्य. याचे कारण मलाही सांगता येत नाही.

मुद्दा ३, माणसाला बसा म्हणायला जीभ झडते का: मान्य. भाषा कडक आहे, पण मान्य.

मुद्दा ४, चेहरा बंद पडलेल्या मीटरसारखा: घरीही हेच मत आहे.

मुद्दे ५ आणि ६: नोंद घेतली.

मुद्दा ७, इतक्या वर्षांत माझ्या कामाकडे तुमचे लक्षच गेले नाही: अमान्य. लक्ष होते, बोललो नाही. सातांत घालायला एक चांगला दाखवा असे तो माणूस म्हणाला, तेव्हा मला विचार करावा लागला नाही.

आपल्या नावाची शिफारस शुक्रवारी दुपारी पाठवली, आणि हे पत्र मी संध्याकाळी वाचले. क्रम उलटा असता तरी शिफारस हीच गेली असती. फार तर एखादा शब्द बदलला असता आणि आठवड्याने परत घातला असता.'

बाईंनी मुद्दा सात तीनदा वाचला. मग चष्मा काढून पदराने पुसला, घातला आणि परत काढला. अकरा वर्षं ज्या एका वाक्यासाठी त्या मनातल्या मनात भांडल्या होत्या, ते असं टंकलेलं समोर आल्यावर त्यांना चक्क रडू येत होतं, आणि रडायला ही खोली फारच चुकीची होती. त्यांनी भराभर बेचाळीस फाइली पुसल्या. एवढ्यात दार उघडलं. बैठक लवकर संपली होती.

साहेबांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग चालू संगणकाकडे.

"सही हवी होती का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी छातीशी धरलेली फाइल बघितली. ती चुकून आणलेली, रिकामीच होती. "नाही साहेब," त्या म्हणाल्या. "पुसायला आले होते."

"पुसलंत?"

"बेचाळीस पुसल्या. एक ठेवली."

साहेब खुर्चीत जाऊन बसले. टेबलावरचा कागद दाबायचा दगड त्यांनी इकडचा तिकडे केला. मग समोरच्या खुर्चीकडे हात करून, अवघड काम उरकावं तसं म्हणाले, "बसा."

बाई बसल्या. साहेबांनी चहासाठी घंटी वाजवली. एकदाच.

दोघं वाट बघत राहिले. दाराबाहेर स्टुलावर शिपाई बसलेला स्पष्ट दिसत होता. त्याने मान किंचित वर केली, कान दिला आणि पुन्हा नखं बघू लागला. अकरा वर्षांची सवय होती त्याला. तीन झाल्याशिवाय तो उठत नसे.

साहेबांनी हळूच बाईंकडे पाहिलं.

"अजून दोनदा वाजवा साहेब," बाई म्हणाल्या. "पहिला मुद्दा मी मागे घेते."