हळवं आधी, गरवं मागून

"हळवं आधी, गरवं मागून, पन खाचरावरची नजर सोडू नको."

डोळखांबकडच्या आमच्या पाड्यात हे बोल ठकीबाईचे. हळवं भात लवकर पिकतं, गरवं उशिरा, आणि दोन्हींनी पोट भरतं, हे आमच्या डोंगरात शेंबडी पोरंही जाणतात. ठकीबाई मात्र भाताबद्दल बोलत नसे. ती बोले पोरांबद्दल.

आवणीचे दिवस आले की बाया रोपं लावायला चिखलात उतरत, आणि त्यांची तान्ही, रांगती, दुडदुडती पोरं ठकीबाईच्या खोपीत राहत. माळावर कुडाची खोप, आढ्याला टांगलेल्या झोळ्या, खाली घोंगडी. तिच्या कमरेतलं वाकायचं बळ संपलं तेव्हा पाड्यानं तिला हे काम दिलं, आणि तिनं ते मानानं केलं. एका छपराखाली इतकी पोरं शेजारी शेजारी वाढताना बघणारी दुसरी बाई आमच्याकडं नव्हती. मान कोणाची सावरली, कुशीवर कोण वळलं, टेकू सोडून कोण बसलं, तिला न विचारता कळे. घोंगडीवर ती कुरमुरे टाकी आणि बघत बसे. लहानगं आधी सगळा पंजा मारतं. मग एक दिवस अंगठा आणि बोट जुळवून एकच कुरमुरा उचलतं. तो दिवस आला की ती बांधावरूनच ओरडे, "तुझ्या लेकाला चिमूट आली गो! आता घरात खाली काय ठेवू नको."

एखादीचं पोर उशिरा बसलं, उशिरा चाललं, आय रडवेली झाली, की ठकीबाईचे ते बोल. त्यातले अर्धे बायांना फार आवडत. हळवं आधी, गरवं मागून. ऐकलं की छातीवरचा दगड उतरे. नजरेचं पुढचं अर्धं कोणी ध्यानात ठेवत नसे.

नव्व्याण्णव साली मीनाचा भगीरथ दोन वर्षांचा होता. धावे वाऱ्यासारखा, हसे मोकळा, पण तोंडात शब्द नाही. 'आय'सुद्धा नाही. मीनानं विचारलं तेव्हा ठकीबाई म्हणाली, "गरवं हाय गो तुझं. मागून बोलंल, आन असं बोलंल का तूच म्हनशील गप बस." मीना हसली. घरी तिनं नवऱ्याला, जगनला, आणि सासऱ्याला, देवजीला, तेच सांगितलं. ठकीबाईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. विषय मिटला.

आवणी सरत आली होती. एका दुपारी खोपीतली सगळी पोरं निजली होती. एकटा भगीरथ जागा, दाराकडं पाठ करून चिखलाचा बैल करत बसलेला. ठकीबाईच्या हातातून जर्मनचं पातेलं निसटलं आणि दगडावर आपटलं. झोळ्या दचकल्या. सगळी पोरं रडत उठली. भगीरथ बैलाला शिंग लावत होता. मग समोरच्या झोळीतलं पोर हातपाय झाडताना त्याला दिसलं, तेव्हा कुठं त्यानं मान वर केली.

ठकीबाई जागच्या जागी उभी राहिली. रोज संध्याकाळी बाया हाका मारत येत, तेव्हा भगीरथही दाराकडं वळे. ते तिनं किती वेळा पाहिलं होतं. आता तिला उमगलं. तो हाकेला वळत नव्हता. वळणाऱ्या पोरांकडं बघून वळत होता. कळपात राहून त्यानं कळपाची चाल उचलली होती, इतकी हुशारीनं की तिचीही नजर फसली.

तिनं त्याच्या पाठीशी जाऊन हाक मारली. मग आणखी मोठ्यानं मारली. भगीरथनं दुसरं शिंग लावलं.

दिवाळी झाली की जगन आणि मीना पोराला घेऊन वीटभट्टीवर जाणार, ते परतणार पुढच्या पावसाच्या तोंडाला. आता गप्प राहिलं तर तिच्या शब्दाच्या भरवशावर पोराचं आणखी एक वर्ष मुकं जाणार होतं. बोललं तर पाड्यातला तिचा शब्द जाणार होता.

त्याच संध्याकाळी ती देवजीच्या पडवीत जाऊन उभी राहिली.

"देवजी, मी चुकले. तुझा नातू गरवा नाय. त्याला ऐकू येत नाय."

देवजी तंबाखू मळायचा थांबला. "काय गो ठके! काल गरवं, आज भलतंच. तुझं भात काय रोज जात बदलतं?"

"भात चांगलंच हाय रे. खाचराला पानी पोचत नाय. कुठं अडलंय, तेवढं दाखवून या."

"सगळा पाडा हसंल तुला."

"हसू दे. माझे दात गेले, त्यांचे तरी दिसतील."

मीना चुलीपासून उठून आली. "आजी, तुमी बोललात म्हनून मी गप ऱ्हायले."

"म्हनून तर मीच आले सांगाया. माझ्यावर राग धर, पन उद्या शहापूरची यष्टीही धर."

पाड्यात कोणी हसलं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर बाया तिचे बोल शेवटपर्यंत म्हणू लागल्या.

शहापूरच्या दवाखान्यानं पोराला ठाण्याला धाडलं. तिथं कान तपासले. खेपा पुष्कळ झाल्या. त्या वर्षी जगन भट्टीवर एकटा गेला. भगीरथच्या कानामागं यंत्र बसलं. सुरुवातीला तो ते ओढून कोंबड्यांपुढं टाकी. मीना पुसून परत बसवी आणि त्याच्या तोंडासमोर बोलत राही.

पुढची आवणी आली. एका संध्याकाळी बाया आपापली पोरं घेऊन गेल्या. मीनाला यायला उशीर झाला. ती आली आणि दाराबाहेर पायाचा चिखल धुवायला थांबली. आत भगीरथ एकटा, दाराकडं पाठ, पुढ्यात चिखलाचा बैल. ठकीबाईनं काठी घेतली, पोराला काही न सांगता बाहेर पडली आणि बांधानं चालू लागली. थोडं पुढं गेल्यावर, मागं न बघता, तिनं हाक टाकली, "भगीऽऽ, जाते रे मी!"

खोपीत दुसरं पोर नव्हतं. भगीरथ वळला. हातातला बैल तसाच धरून दारात आला, आणि ती काठी बांधाच्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. धुतला पाय हातात तसाच धरून मीनाही बघत होती.