कापूस काढायचा नाही

पहाटेच्या बांगेआधीच बर्खोरदार कापूस पिंजायची धनुकली, पिंजण, खांद्यावर टाकून निघे. ज्याच्या घरी काम, त्याच्या अंगणात गादी उसवायची, उन्हात कापूस पसरायचा, खडखडीत वाळला की मगच पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर घ्यायचा. दमट कापसाशी घाई केली की गोळे राहतात. इस्फहानात त्याच्या कापसात गोळा सापडला, असं कुणी म्हटलं नाही.

गझलही तो तशीच करी. ठोक्याच्या लयीत ओळ धरायची आणि चार-चार दिवस पिंजायची. लिहिता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ.

संध्याकाळी कहवाखान्यात जुन्या गझलेला उत्तर द्यायची पैज लागे. वृत्त तेच, यमक तेच, कल्पना मात्र कोरी हवी. बर्खोरदारने म्हटलं :

मार खाऊन कापूस बघ ढगासारखा हलका झाला,
मना, तू अजून सरकीलाच का धरून बसलास?

चांभार-विणकरांनी बैठक डोक्यावर घेतली. शेवटच्या शेरात कवीचं नाव घालायची रीत. त्याने घातलं, ‘पिंजारी’.

शहरातल्या कवींच्या गझला आपल्या ग्रंथात उतरवणारा मुन्शी, मिर्झा मोइन, पुढे सरकला.

“घेतो मी ही. फक्त कापूस काढ. शमा घाल, तिच्या ज्योतीवर जळणारा पतंग, परवाना घाल.”

“परवाना मी कधी पिंजला नाही, मिर्झासाहेब.”

“अरे, गझल म्हणजे काय गादी आहे?”

“गादी बरी. तिच्यात गोळा राहिला तर पाठीला कळतो. तुमच्या गुलाब-बुलबुलांत किती राहिले, कोण विचारतंय?”

लोक खो-खो हसले. मिर्झा लाल झाला.

“आणि पिंजारी हे काय नाव? लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, पिंजारी होता.”

मिर्झाने ग्रंथ मिटला. “मग तुझी गझल तुझ्याबरोबरच मातीत जाणार.”

हे मात्र लागलं. घरी बायको गुलंदाम म्हणाली, “एक शब्द बदलला असता तर काय बिघडलं असतं? नाव तरी राहिलं असतं.”

“कुणाचं?”



रजया भरायचे दिवस आले. बर्खोरदारने अंगणामागून अंगण घेतलं. हाताची सालं निघाली. हंगाम संपताच तो लेखनिकाकडे गेला, गझल सांगितली आणि लिहिलेलं वाचायला लावलं.

“मार खाऊन गुलाब बघ...”

“गुलाब कुठून आला?”

“जरा सुधारलं हो, उस्ताद. सगळे तसंच लिहून घेतात.”

“फुलाला मारून ढग होतो? मारून बघितलंयस कधी? फाड. नवा कागद घे. त्याचेही पैसे मीच देतो.”

तीनदा वाचायला लावल्यावर त्याने मान हलवली. सबंध हंगामाच्या मजुरीतून झाली दोन पानं. एक गुलंदामच्या पेटीत गेलं. दुसरं कहवाखान्यात, मिर्झा टेकून बसे त्या खांबावर, डोळ्यांच्या उंचीला.